ड्युअल बूटमधे विंडोज आणि उबुंटूचं पटत नाहीये? फॉरमॅट मारायच्या आधी हे क्रमाने बघा

इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमधली मशीन्स आणि पोरापोरींचे लॅपटॉप, दोन्हीकडून ड्युअल बूटच्या, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवण्याच्या, तक्रारी वर्षभर येत राहतात आणि त्या त्याच त्या असतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून त्यात अजून भर पडलीये, कारण ज्यांच्या जुन्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही ते म्हणतात बाजूला लिनक्स टाकून बघू, टाकतात, आठवडाभर छान चालतं आणि मग एक दिवस काहीतरी अडतं. दुकानात नेलं की पहिला सल्ला ठरलेला, फॉरमॅट मारून टाकू. बहुतेक वेळा त्याची काही गरज नसते. दोन्ही सिस्टिम आपापल्या जागी धडधाकट असतात, भांडण होतं ते दोघींना मिळून वापराव्या लागणाऱ्या चार गोष्टींवरून: मदरबोर्डवरचं घड्याळ, एनटीएफएसचे म्हणजे विंडोजच्या फॉरमॅटचे ड्राइव्ह, बूटचं छोटं पार्टिशन, आणि किल्ल्या म्हणजे ब्लूटूथच्या आणि बिटलॉकरच्या (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन). तुमचा प्रॉब्लेम या चारपैकी कशात बसतो ते कळलं की अर्धं काम झालं.

खालचं सगळं विंडोज १०/११ आणि उबुंटू किंवा मिंट हे लिनक्सचे प्रकार धरून लिहिलंय. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजीत करायच्या, उबुंटूत स्पेलिंग अडलं तर पहिली काही अक्षरं टाकून टॅब दाबा, टर्मिनल पुढचं स्वतः पूर्ण करतं.

लक्षणं

यातलं तुमचं कुठलं ते आधी ठरवा.

- उबुंटूतून विंडोजमधे आलं की घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे
- डी ड्राइव्ह उबुंटूत उघडतच नाही, किंवा उघडतो पण फाइल सेव्ह करायला गेलं की "रीड-ओन्ली फाइल सिस्टम"
- विंडोज शट डाउन करून उबुंटू चालू केलं की वायफाय गायब, रिस्टार्ट करून आलं की हजर
- ब्लूटूथ माउस किंवा हेडफोन प्रत्येक वेळी नव्याने पेअर करावा लागतो
- विंडोजचं मोठं अपडेट झालं आणि आता कुठली सिस्टिम हवी ते विचारणारा मेनूच (तो दाखवणाऱ्या प्रोग्रामचं नाव ग्रब) येत नाही, थेट विंडोज सुरू
- मेनू येतो पण त्यात विंडोजचं नाव नाही
- निळा स्क्रीन, ४८ आकडी रिकव्हरी की मागतोय
- "सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन" असं काहीतरी येऊन मशीन बंद
- काळा स्क्रीन आणि त्यावर फक्त "ग्रब रेस्क्यू"

काहीही करायच्या आधी: बिटलॉकरची की हातात घ्या

हे फुकट आहे, पाच मिनिटांचं आहे आणि लोक हेच सोडतात. आमच्याकडे बिटलॉकर नाहीये म्हणणाऱ्या निम्म्या लोकांच्या लॅपटॉपवर तो असतो, कारण विंडोज होममधे तो "डिव्हाइस एन्क्रिप्शन" या नावाने गुपचूप चालू असतो, आणि विंडोज ११ च्या २४एच२ पासून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने नवीन इन्स्टॉल केलं की तो बहुतेक मशीनवर आपोआप चालू होतो. विंडोज ११ मधे सेटिंग्जमधे प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन दिसतंय का बघा. चालू असेल तर ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलंय त्यात मोबाइलवरून लॉगिन करून ती ४८ आकडी की शोधा आणि कागदावर लिहा, हो कागदावर, त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर टेक्स्ट फाइलमधे ठेवून काय उपयोग. कॉलेज किंवा ऑफिसच्या ईमेलने साइन इन केलं असेल तर की बहुधा तिथल्या आयटीवाल्यांकडे असते, आज विचारून ठेवा.

हे आधी का, तर खालच्या अर्ध्या पायऱ्यांमधे बायोसला, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरला, हात लागतो. बिटलॉकर आपली की टीपीएम नावाच्या चिपमधे ठेवतो आणि ती चिप बूटची साखळी जशीच्या तशी आहे का ते तपासूनच की सोडते. सिक्युअर बूट (फक्त ओळखीचेच बूट प्रोग्राम चालू देणारी सेटिंग) बंद केलात, बूटचा क्रम बदललात, की तिला वाटतं कोणीतरी छेडछाड केली, मग निळा स्क्रीन. म्हणजे तो निळा स्क्रीन हा बिघाड नव्हे, की टाकली की विंडोज सुरू होतं. बायोसमधे शिरायच्या आधी विंडोजमधे कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून "मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -डिसेबल सी:" दिलंत तर तात्पुरतं पहाऱ्यातून सूट मिळते, काम झाल्यावर ते परत चालू झालंय ना एवढं बघा. आणि उबुंटूत एखादा ड्राइव्ह कुलूप लावल्यासारखा दिसत असेल, पासवर्ड मागत असेल, तर तोही बिटलॉकरच, उबुंटू बिघडलेलं नाही.

आणि हो, महत्त्वाच्या फाइल्स पेनड्राइव्हवर किंवा गुगल ड्राइव्हवर टाका. प्रोजेक्टचा रिपोर्ट सबमिशनच्या आदल्या रात्री घेऊन येणाऱ्यांसाठी हे वाक्य दोनदा वाचलेलं चालेल.

पहिली तपासणी: शट डाउन नको, रिस्टार्ट करून बघा

ड्राइव्ह रीड-ओन्ली होणं, ड्राइव्ह न उघडणं, वायफाय गायब होणं, या तिन्हीत सगळ्यात आधी हेच. विंडोजमधे शट डाउनऐवजी रिस्टार्ट दाबा आणि मेनूतून उबुंटू घ्या. आता डी ड्राइव्ह नीट उघडला, वायफाय आलं, तर चोर सापडला: फास्ट स्टार्टअप.

काय होतं ते सांगतो. २०१२ मधे विंडोज ८ आलं तेव्हापासून शट डाउन म्हणजे पूर्ण शट डाउन राहिलेलं नाही. तुमचे प्रोग्राम बंद होतात, तुम्ही लॉग-आउट होता, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर जसेच्या तसे हायबरफिल नावाच्या फाइलमधे लिहून ठेवले जातात म्हणजे सकाळी लवकर सुरू होईल. दुकानाचं शटर ओढलंय पण मालक आत गल्ल्यावर हिशेब उघडा टाकून झोपलाय, असला प्रकार. विंडोजच्या लेखी सी आणि डी दोन्ही ड्राइव्ह अजून वापरात आहेत आणि कुठे काय आहे याची यादी त्याच्या डोक्यात तशीच आहे. अशा वेळी उबुंटूने त्या ड्राइव्हवर काही लिहिलं तर सकाळी विंडोज जुन्या यादीप्रमाणे वागणार आणि फाइल्स खराब होणार. म्हणून उबुंटू लिहू देत नाही, ते तुमच्या भल्यासाठीच आहे. फोरमवर वाचून ड्राइव्ह जबरदस्तीने माउंट करणारे, म्हणजे लिहिण्यासाठी उघडणारे, भेटतात, त्यांच्या फोल्डरमधे नंतर विचित्र नावाच्या शून्य बाइटच्या फाइल्स दिसायला लागतात. ते करू नका. वायफायचंही तसंच, विंडोजने कार्ड अर्धवट झोपलेल्या अवस्थेत सोडलेलं असतं आणि काही कार्डांना उबुंटू त्यातून जागं करू शकत नाही.

कायमचा उपाय: कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू", तिथे वरती "चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल" अशी बारीक निळी ओळ असते ती दाबल्याशिवाय खालचा टिकमार्क हलत नाही (इथेच लोक अडकतात आणि म्हणतात आमच्याकडे ऑप्शनच बंद आहे), मग "टर्न ऑन फास्ट स्टार्टअप" वरची टिक काढा, सेव्ह. हायबरनेट तुम्ही वापरतच नसाल तर त्याऐवजी ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमधे "पॉवरसीएफजी /एच ऑफ" द्या, फास्ट स्टार्टअपही जातो आणि ती हायबरफिलची काही जीबीची फाइलही उडते. एसएसडी असेल तर सुरू व्हायच्या वेळात काही सेकंदांपलीकडे फरक पडत नाही. विंडोजचं मोठं व्हर्जन अपडेट झालं की टिक परत आली नाही ना ते बघायचं, कारण ती कधीकधी येते.

उलट बाजूही लक्षात ठेवा. उबुंटू हायबरनेट करून त्या अवस्थेत विंडोजमधे जाऊन त्याच डी ड्राइव्हवर काम केलंत तर तेच नुकसान दुसऱ्या दिशेने होतं.

फास्ट स्टार्टअप बंद करूनही ड्राइव्ह उघडत नसेल तर त्यावर "डर्टी" खूण राहिलेली असते, लाईट गेली किंवा बटण दाबून बंद केलं की ती लागते. विंडोजमधे जाऊन ॲडमिन कमांड प्रॉम्प्टला "चेकडिस्क डी: /एफ" (टाइप करताना चेकडिस्कची अक्षरं सीएचकेडीएसके), चार्जर लावून ठेवा आणि मधे बंद करू नका. उबुंटूतली एनटीएफएसफिक्स नावाची कमांड सगळीकडे सुचवलेली दिसते, पण ती काही किरकोळ दुरुस्त्या करून खूण पुसते, पूर्ण तपासणी करत नाही, नाव फसवं आहे. एनटीएफएसची दुरुस्ती विंडोजनेच करायची.

घड्याळ

साडेपाच तासांचा फरक म्हणजे निदान झालंच. मदरबोर्डवर एक घड्याळ असतं, मशीन बंद असतानाही चालतं. विंडोज समजतं त्यात भारतातली वेळ आहे, उबुंटू समजतं त्यात यूटीसी म्हणजे ग्रिनिचची वेळ आहे. उबुंटूने इंटरनेटवरून वेळ घेऊन त्यात यूटीसी लिहिली, मग विंडोजने तीच भारतीय वेळ समजून वाचली, गेले साडेपाच तास मागे. विंडोजने दुरुस्त करून लिहिली की उबुंटू सुरुवातीला साडेपाच तास पुढे. न्यू जर्सीतल्या भाच्याने हीच तक्रार केली तर फरक उन्हाळ्यात चार तासांचा, हिवाळ्यात पाच तासांचा, आणि दिशा उलटी.

नुसतं घड्याळ चुकलं तर चुकू दे म्हणाल, पण सी किंवा सी प्लस प्लसचं प्रॅक्टिकल डी ड्राइव्हवर ठेवून दोन्हीकडून कंपाइल करणाऱ्यांना मेक या कंपाइल करून देणाऱ्या टूलकडून "क्लॉक स्क्यू डिटेक्टेड" अशी वॉर्निंग येते, बदललेली फाइल कंपाइलच होत नाही आणि पोरगं तासभर कोडमधे बग शोधत बसतं. मशीनवरच ऑथेंटिकेटर ठेवला असेल तर त्याचे ३० सेकंदांचे कोडही चालत नाहीत.

दोन उपाय, त्यातला एकच करायचा. सोपा: उबुंटूच्या टर्मिनलमधे "टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १". उबुंटूला सांगितलं की बाबा तू पण स्थानिक वेळ धर. ही कमांड नंतर नुसती चालवली की एक लांबलचक वॉर्निंग दाखवते, ती मुख्यतः उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करणाऱ्या देशांसाठी आहे, भारतात तो प्रकार नाही, बिनधास्त राहा. दुसरा: विंडोजच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगचा साठा) टाइमझोन इन्फर्मेशनच्या कीखाली "रिअलटाइमइजयुनिव्हर्सल" नावाची डीवर्ड व्हॅल्यू १ करायची. परदेशात असाल तर हा दुसरा बरा. दोन्ही केलेत तर परत साडेपाच तास, फक्त उलट्या दिशेने, आणि मग लोक म्हणतात हा उपाय चालत नाही.

फरक साडेपाच तासांचा नसून तारीख थेट कुठल्यातरी जुन्या वर्षात जात असेल तर हे भांडण नव्हेच, सीमॉस बॅटरी संपलीये. डेस्कटॉपमधे ती सीआर २०३२ चा बटण-सेल असतो, घड्याळवाल्याकडेही स्वस्तात मिळतो, पॉवर केबल काढून बदला. लॅपटॉपमधे ती बऱ्याचदा वायर आणि कनेक्टरवाली असते आणि आत खोल असते, उघडायचा सराव नसेल तर दुकानात द्या. ही बॅटरी दुर्लक्षित करू नका, जुन्या डेस्कटॉपवर ती गेली की बायोसच्या सगळ्या सेटिंग मूळ पदावर जातात आणि बूटचा क्रम, बूटचा मोड वगैरे बदलून पुढचे प्रॉब्लेम एकदम सुरू होतात.

ब्लूटूथचं थोडक्यात: माउसला दोन्ही सिस्टिम एकच कंप्युटर वाटतात, कारण ब्लूटूथ चिप एकच, पण प्रत्येक सिस्टिम पेअर करताना वेगळी गुप्त की बनवते, मग शेवटी पेअर केलेली तेवढी चालते. उबुंटूत पेअर करा, नंतर विंडोजमधे करा, आणि विंडोजच्या रजिस्ट्रीतली की काढून उबुंटूतल्या ब्लूटूथच्या फोल्डरमधल्या फाइलीत टाका. होतं, पण किचकट आहे. डाँगलवाला माउस घ्या आणि मोकळे व्हा.

मेनू येत नाही, थेट विंडोज

मेनू आला नाही की लोक समजतात उबुंटू पुसलं गेलं. पुसलं गेलेलं नसतं. आजच्या मशीनमधे बायोस म्हणजे खरं तर यूईएफआय, आणि कोणाला आधी सुरू करायचं याची एक यादी मदरबोर्डच्या मेमरीत असते. यादीत "उबुंटू" आणि "विंडोज बूट मॅनेजर" अशी दोन नावं असतात, आणि त्यांच्या फाइल्स डिस्कवरच्या एका छोट्या फॅट३२ पार्टिशनमधे शेजारीशेजारी वेगवेगळ्या फोल्डरमधे राहतात. विंडोजचं मोठं अपडेट किंवा बायोसचं अपडेट झालं की यादीत विंडोज वर जातं. बस, एवढंच झालेलं असतं.

तर आधी हे: मशीन चालू करताच बूट मेनूची की टॅप करत राहा. डेल आणि लेनोव्होवर बहुतेक एफ१२, एचपीवर एफ९, एमएसआयच्या बोर्डवर एफ११, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ१२ आहे पण काही मॉडेलवर ती आधी बायोसमधून चालू करावी लागते. यादीत उबुंटू दिसलं, घेतलं, सुरू झालं, तर डिस्कला काहीही झालेलं नाही, बायोसमधे जाऊन बूट ऑर्डरमधे त्याला वर ओढा, संपलं.

उबुंटू यादीत नसेल तर फाइल्स असूनही नोंद गेलीये असं धरा. काही बायोसमधे "ॲड बूट ऑप्शन" असतं, तिथून त्या छोट्या पार्टिशनमधे ईएफआय, मग उबुंटू, मग शिम-एक्स६४ ही फाइल दाखवली की नोंद परत होते. ते नसेल तर उबुंटूच्या लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता उबुंटू चालवणारा पेनड्राइव्ह) सुरू करून बूट-रिपेअर नावाचं टूल टाकून चालवा, त्याचं "रेकमेंडेड रिपेअर" बटण पुरतं. पण ते दाबायच्या आधी एक गोष्ट तपासा, नाहीतर घोळ वाढतो: दोन्ही सिस्टिम एकाच मोडमधे आहेत का. विंडोजमधे रनमधे "एमएसइन्फो३२" टाका, "बायोस मोड" समोर यूईएफआय आहे की लेगसी (जुन्या बायोसची पद्धत) ते बघा. लाइव्ह यूएसबीतून "/सिस/फर्मवेअर/ईएफआय" हे फोल्डर दिसलं तर तीही यूईएफआयमधे चालू आहे. विंडोज यूईएफआय आणि उबुंटू लेगसी असं झालं तर ग्रब विंडोजला सुरूच करू शकत नाही. बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नावापुढे यूईएफआय लिहिलेला आणि एकदा नुसता, घाईत नुसता निवडला की हे होतं.

काही लॅपटॉपचं फर्मवेअर हट्टी असतं, तुम्ही कितीही वर ओढा, ते शोधून शोधून विंडोजच सुरू करतं. तिथे बायोस अपडेट आलंय का बघा, नाहीतर बूट मेनूची की रोज दाबायची सवय लावा, मला तरी तो मार्ग जास्त सुरक्षित वाटतो.

मेनू येतो पण विंडोज त्यात नाही: हे उलटं आहे आणि यात विंडोजचा काही दोष नाही. २०२१ मधे ग्रब २.०६ आलं त्यात दुसऱ्या सिस्टिम शोधणारं ओएस-प्रोबर सुरक्षेच्या कारणाने मुळातच बंद करून टाकलं. उबुंटूत /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब ही फाइल सुडो लावून (म्हणजे ॲडमिन म्हणून) उघडा, "ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर" या ओळीपुढे "फॉल्स" करा, ओळ नसेल तर लिहा, समोर हॅशचं चिन्ह असेल तर काढा, मग "सुडो अपडेट-ग्रब". खाली विंडोज बूट मॅनेजर सापडल्याची ओळ आली की झालं. ती नाही आली तर मगाचाच मोडचा प्रश्न.

सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन

१३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर हे एकदम सगळीकडे सुरू झालं. स्क्रीनवर "व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड", त्याखाली "समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग", आणि मशीन बंद. जुन्या, भोकं असलेल्या बूटलोडरना (सिस्टिम सुरू करून देणारे प्रोग्राम) सिक्युअर बूटने आत घेऊ नये म्हणून एक काळी यादी असते, ती त्या अपडेटने पुढे सरकवली. ड्युअल बूट असलेल्या मशीनवर ती लागू करायची नाही असं ठरलेलं होतं, पण काही मशीन ड्युअल बूट म्हणून ओळखली गेली नाहीत आणि ते मायक्रोसॉफ्टने मान्यही केलं. नेट लावून उबुंटूला अपडेट करत राहणाऱ्यांना हे सहसा होत नाही, वर्षानुवर्षं अपडेट न केलेल्या सिस्टिमला आणि कपाटातल्या जुन्या लाइव्ह यूएसबीला होतं. जुना पेनड्राइव्ह लावून तोच मेसेज आला तर डिस्कला दोष देऊ नका, उबुंटूच्या इन्स्टॉलची नवीन फाइल म्हणजे आयएसओ उतरवा.

उपाय: बिटलॉकरची की जवळ आहे ना, मग बायोसमधे सिक्युअर बूट बंद, उबुंटू सुरू करा, "सुडो मोकयूटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट", रिस्टार्ट करून परत उबुंटूतच या, सगळे अपडेट घ्या म्हणजे नवा शिम (सिक्युअर बूटला चालणारा उबुंटूचा पहिला बूटलोडर) येईल, आणि मग सिक्युअर बूट परत चालू करा. शेवटची पायरी लोक गाळतात कारण चालायला लागलेलं असतं. गाळू नका, काही गेम आणि परीक्षेची सॉफ्टवेअर सिक्युअर बूट बंद असलं की उघडत नाहीत आणि मग ती वेगळी तक्रार घेऊन यावं लागतं.

ग्रब रेस्क्यू

हे बहुतेक वेळा एकाच कारणाने येतं: विंडोजमधे जागा कमी पडली म्हणून कोणीतरी डिस्क मॅनेजमेंटमधून ते नाव नसलेलं मोठं पार्टिशन डिलीट केलं, ते उबुंटूचं होतं. बूटलोडरचा पुढचा भाग त्यातच होता. यूईएफआय मशीन असेल तर घाबरू नका, बूट मेनूतून विंडोज बूट मॅनेजर घ्या, विंडोज सुरू होईल, आणि बायोसमधे त्याला वर करा. लेगसी मशीन असेल तर विंडोजच्या इन्स्टॉल यूएसबीवरून रिपेअरमधे जाऊन कमांड प्रॉम्प्टला "बूटरेक /फिक्सएमबीआर". उबुंटूमधलं काही हवं असेल तर मात्र त्या मोकळ्या जागेत काहीही नवीन बनवू नका, त्या जागेला हात लावायचाच नाही, खाली सांगतो का.

तसंच विंडोज कधी एखाद्या अनोळखी ड्राइव्हसाठी "यू नीड टू फॉरमॅट द डिस्क" विचारतं, तो लिनक्सचा ड्राइव्ह असतो. कॅन्सल.

बायोसमधला आरएसटीचा सापळा

व्हिडिओ बघून काम करणाऱ्यांचा हा सगळ्यात मोठा अपघात. उबुंटूच्या इन्स्टॉलरला एसएसडी दिसत नाही, व्हिडिओवाला सांगतो बायोसमधे आरएसटी किंवा रेड काढून एएचसीआय करा (या डिस्कशी बोलायच्या वेगवेगळ्या पद्धती), केलं, उबुंटू बसलं, आणि आता विंडोज निळ्या स्क्रीनवर "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस". कारण विंडोजला त्या डिस्कशी बोलायचा ड्रायव्हर बूटच्या वेळी तयार नाही. आधी सेटिंग होती तशी परत करा, विंडोज लगेच सुरू होईल. मग ॲडमिन कमांड प्रॉम्प्टला "बीसीडीएडिट /सेट सेफबूट मिनिमल", रिस्टार्ट, थेट बायोसमधे जाऊन एएचसीआय, विंडोज सेफ मोडमधे उघडेल आणि ड्रायव्हर तिथेच बसेल, मग "बीसीडीएडिट /डिलीटव्हॅल्यू सेफबूट" देऊन रिस्टार्ट. सेफ मोडमधे पिन चालत नाही असं बऱ्याचदा होतं, अकाउंटचा खरा पासवर्ड आठवतोय का ते आधी बघा. हे सगळं वाचून पोटात गोळा आला असेल तर इथूनच दुकान गाठा, त्यात लाज नाही.

नवीन करणाऱ्यांसाठी एवढंच की जागा कमी करायची तर विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह श्रिंक करा, आणि डेस्कटॉप असेल तर दोन वेगळ्या एसएसडी घ्या, उबुंटू टाकताना विंडोजच्या एसएसडीची केबल काढून ठेवा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. फक्त प्रॅक्टिकलपुरतं लिनक्स हवं असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) किंवा व्हर्च्युअल मशीन पुरतं, ड्युअल बूटची हौस करायलाच पाहिजे असं नाही.

कधी थांबायचं

डिस्कमधून टिकटिक किंवा घासल्यासारखा आवाज येतोय, तर लगेच बंद करा. चेकडिस्क नको, बूट-रिपेअर नको, परत परत चालू करून बघणं तर मुळीच नको, प्रत्येक चालू करण्यात डेटा वाचायची शक्यता कमी होते. एसएसडी बायोसमधेच दिसत नसेल तर हा सॉफ्टवेअरचा प्रश्नच नाही. उबुंटूच्या डिस्क्स ॲपमधे स्मार्ट डेटात (डिस्कच्या तब्येतीची नोंद) पेंडिंग सेक्टर म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागा वाढत असतील तर आधी डेटा बाहेर, मग बाकी. पार्टिशन डिलीट झालंय आणि आतला डेटा पाहिजे, किंवा ड्राइव्ह "रॉ" दिसतोय, तर डेटा रिकव्हरीवाल्याकडेच जा, आणि एसएसडी असेल तर आजच जा, कारण ट्रिममुळे मोकळी झालेली जागा एसएसडी स्वतःच साफ करून टाकते, मग कोणाच्याच हातात काही राहत नाही. वॉरंटीतला लॅपटॉप स्वतः उघडू नका.

एका बाबतीत मात्र दुकानाचाही उपयोग नाही: बिटलॉकरची की कुठेच नाही. दुकानदार फॉरमॅट करून मशीन चालू करून देईल, डेटा परत आणू शकणार नाही, "तोडून देतो" म्हणत ॲडव्हान्स मागणाऱ्याला पैसे देऊ नका.

मशीन देताना पावतीवरच लिहून घ्या: फॉरमॅट करू नये, डेटा हवा आहे, दोन ऑपरेटिंग सिस्टिम आहेत, दुरुस्तीच्या आधी डिस्कची पूर्ण कॉपी घ्यावी. कोणत्या पायरीपर्यंत तुम्ही स्वतः केलंय आणि स्क्रीनवर काय आलं त्याचे फोटोही द्या, समोरच्याचा वेळ वाचतो आणि पहिल्याच मिनिटाला "फॉरमॅट मारू का" हा प्रश्न येत नाही.